सोमवार आमच्याकडे

काशीहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, विश्वेश्वराचं दर्शन नीट झालं ना?" झालं. रांगेत उभी राहिले, धक्के खाल्ले, दर्शन झालं. पण मी त्यासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते माझ्या भाचीला दंडाला धरून परत आणायला.

भाची म्हणजे सई. माझी धाकटी बहीण शुभा लग्न होऊन हॉलंडला गेली, सई तिथलीच. तिकडच्या मुलांची एक रीत आहे. शाळा संपली की कॉलेजात जाण्याआधी काही महिने कुठल्यातरी परक्या देशात जायचं आणि तिथे फुकट काम करायचं. फुकट म्हणजे कसं, तर राहण्याजेवण्याचे पैसेसुद्धा आपणच भरायचे! आमच्या कराडात कुणी असं केलं तर घरचे त्याला डॉक्टरकडे घेऊन जातील. सईने त्यासाठी भारत निवडला आणि भारतात वाराणसी. "अगं, आजोळी येतेस आणि त्याला परदेश म्हणतेस?" असं मी फोनवर म्हटलं, तर शांतपणे म्हणाली, "मावशी, मला व्हिसा काढावा लागला. मग परदेशच झाला ना?"

ती महिन्याभरासाठी आली ती दिवाळी उलटली, नाताळ उलटला, तरी परत जायचं नाव घेईना. काजल नावाच्या कुठल्याशा मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत मी हलणार नाही, असं तिने आईला कळवून टाकलं. इकडे तिचं कॉलेज फेब्रुवारीत सुरू होणार, हजर झाली नाही तर जागा गेली. शुभा फोनवर रडायला लागली. "ताई, तू शाळेत एवढी पोरं सरळ केलीस, तुझंच ऐकेल ती." मी कराडला हायस्कुलात गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये. तुला कुणाला तरी ओरडायचं असतंच, जरा तिकडे ओरड." अशी माझी काशीयात्रा घडली.

दूधविनायक

माझी एक आत्या फार पूर्वी काशीच्या मराठी घरात दिली होती. तिचा मुलगा विनूदादा अजून दूधविनायकच्या गल्लीत त्याच घरात राहतो. दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कार्यं करतो. सई ज्या संस्थेमार्फत आली तिच्या वसतिगृहातली मुदत संपल्यावर ती त्याच्याकडेच राहायला आली होती, त्यामुळे माझा मुक्कामही तिथेच पडला.

जानेवारीचे दिवस. धुकं इतकं, की समोरून बैल येतोय हे त्याचा श्वास अंगावर आला की कळायचं. गल्लीच्या तोंडाशी विनूदादाची बायको उषावहिनी शाल गुंडाळून उभी होती. "या वन्सं, या! सफरमध्ये तकलीफ तर नाही ना झाली?" वन्सं! आमच्याकडे हा शब्द माझ्या आईबरोबरच गेला. काशीच्या मराठीचं हेच आहे. एक शब्द आपल्या पणजीच्या तोंडचा आणि पुढचा थेट हिंदी. "तुमचा कमरा वर आहे, सीढ्या संभाळून चढा, चहा बनवतेच आहे." दोन दिवसांनी मीसुद्धा "सब्जी फार छान बनवलीत" म्हणायला लागले.

सई मागून धावत आली आणि गळ्यात पडली. सलवार-कमीज, तेल लावून घातलेली वेणी, हातात कचौडीचा द्रोण. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा हिला पावाच्या कडा कापून द्याव्या लागत. डासाला घाबरायची. तीच पोरगी आता गाईच्या शेपटीखालून सराईतपणे निघत होती आणि कचौडीवाल्याशी "भइया, सब्जी थोड़ी और" म्हणून भांडत होती. इथे येऊन हिचं काही वाईट झालेलं नाही, हे मला पहिल्याच मिनिटाला कबूल करावं लागलं. त्यामुळे ओरडायचं जरा पुढे ढकललं.

सकाळी तिने मला मलइयो खाऊ घातलं. दुधाचा केशरी फेस, मातीच्या वाटीतला, फक्त थंडीतच मिळतो. तोंडात घातला की नाहीसा होतो. मी म्हटलं, "हे काय, खाल्लं की हवा खाल्ली?" सई म्हणाली, "मावशी, सगळ्यात चुका काढू नकोस ना." मी दुसरी वाटी घेतली.

नावाड्यांची वस्ती

सई काम करायची ते सेंटर प्रह्लाद घाटाच्या अंगाला, नावाड्यांच्या वस्तीत. एक पत्र्याची मोठी खोली, भिंतींवर फुलपाखरं, इंद्रधनुष्यं. या दोन्ही गोष्टी इतक्या ठिकाणी रंगवलेल्या, की विचारलं तेव्हा कळलं, स्वयंसेवकांच्या प्रत्येक नव्या तुकडीला काहीतरी रंगवायचं असतं. दुपारी शाळेतून आल्यावर वस्तीतल्या मुली इथे येतात. त्यांना परदेशी स्वयंसेवक इंग्रजी शिकवतात.

दारातच काजल दिसली. पंधरा-सोळाची असेल, सावळी, लांब हातांची, डोळे सारखे काहीतरी मोजत असल्यासारखे. एक गोरं जोडपं तिच्या वडिलांच्या नावेच्या दोरावर बसून फोटो काढत होतं. त्यांना ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली, की कृपा करून इथे बसू नका, दोर ओला आहे, तुमचेही कपडे खराब होतील आणि नावही सुटेल. एका दमात, न अडखळता. मी मनात म्हटलं, वा!

मग तास सुरू झाला. जर्मनीहून लेना नावाची एक गोड मुलगी आदल्याच दिवशी आली होती. तिने फळ्यावर हत्तीचं चित्र काढलं आणि हे काय, असं विचारलं. सगळ्या मुली विचारात पडल्या. आणि ही काजल, जिने आत्ता घाटावर भाषण ठोकलं होतं, ती कपाळाला आठ्या घालून म्हणते, "ए... ए... एले...?" लेनाने टाळ्या वाजवल्या. काजल लाजली. मी मागे बसून बघत होते. माझं सगळं आयुष्य वर्गात गेलंय. येत नसताना येतंय असं दाखवणारी पोरं मी हजारो बघितली, पण येत असताना येत नाही असं दाखवणारा आख्खा वर्ग पहिल्यांदाच बघितला.

तास संपल्यावर मी तिला पायऱ्यांवर गाठलं. माझं हिंदी कराडचं. "काय गं, ये नाटक कायको?"

ती आधी घाबरली, मग हसली. "आंटीजी, नई दीदी आती हैं तो शुरू से शुरू करती हैं. हम बोल दें कि आता है, तो उनका मुँह उतर जाता है. इतनी दूर से आई हैं बेचारी." मग म्हणाली, "पहला हफ्ता हाथी-घोड़ा चलता है. फिर 'माय फॅमिली.' तब तक उनके जाने का टाइम हो जाता है."

म्हणजे कोण कुणाची सेवा करत होतं बघा. दर महिन्याला नवी ताई, दर महिन्याला नवा हत्ती. या मुलींनी पाहुण्यांचं मन राखायचं म्हणून तो इतक्या वेळा शिकला होता, की इंग्रजी फाडफाड बोलायला लागल्या. पण कागदावर अर्ज लिही म्हटलं, की सगळा आनंद. गेल्या वर्षी काजल दहावीला इंग्रजीत आणि गणितात नापास झाली. वडिलांनी सांगितलं, बस झालं, आता घरी बस, धाकट्यांना सांभाळ, पुढच्या वर्षी लग्नाचं बघू.

तेव्हा सई आली. तिला हे कळल्यावर ती थेट नावेत जाऊन बसली आणि तिच्या मोडक्या हिंदीत बापाशी वाद घालत राहिली. गंगेच्या पार जाऊन परत येईपर्यंत त्याने कबूल केलं, की मुलीला एकदा, शेवटचं, परीक्षेला बसवतो. सेंटरच्या बाई मला म्हणाल्या, "हम बोलते तो भगा देता. बाहर की लड़की है, इसलिए सुन लिया." हा फायदा खरा. बाहेरच्या माणसाला कुणाची भीड नसते आणि लोकही त्याचा मान ठेवतात. पण बापाने अट घातली, यावेळी नापास झाली तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही. आणि सईने काजलला शब्द दिला, तुझी परीक्षा होईपर्यंत मी इथेच आहे.

मी ओरडले

त्या दिवशी परत येताना घर मागे टाकून आम्ही घाटाने पुढे चालत गेलो, आणि मणिकर्णिकेच्या स्मशानापर्यंत मी गप्प होते. तिथे धुराने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तोंड उघडलं.

"सई, तू तिला गणित शिकवतेस?"

"प्रयत्न करते."

"समकोण त्रिभुज म्हणजे काय?"

ती थांबली. आपला साधा काटकोन त्रिकोण, पण हिंदी नावाने अडली. "मावशी, ते पुस्तक हिंदीत आहे ना. मी फोनवर बघून बघून..."

"अगं बाई, मग तू थांबलीस तरी तिला काय देणार? तुला मराठी वाचायला वेळ लागतो, हिंदी तर विचारूच नको. इथल्या बोर्डाचा पेपर तू जन्मात बघितलेला नाहीस. शब्द देताना हा विचार नको होता करायला?"

सई जी भडकली! "सगळे तेच म्हणतात! आई म्हणते परत ये, तू म्हणतेस परत चल. मी गेले तर तिचं काय? तुम्ही कोणी येणार आहात का तिला शिकवायला?" घाटावरचे लोक बघायला लागले. एक साधू म्हणाला, "माताजी, बच्ची को मत डाँटिए." मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात अडकला. मग दोन दुपारी मी स्वतः काजलला गणिताला घेऊन बसले. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की धरते. फक्त तिला कुणी दुसरा धडा सांगितलेलाच नव्हता. दुसऱ्या दुपारी तिने विचारलं, "आंटीजी, आप कब जाएँगी?" मी "बघू" म्हटलं आणि मला माझीच लाज वाटली. मीही पाहुणीच होते.

वाराचा विद्यार्थी

उषावहिनी याच शहरात एका शाळेत वर्षानुवर्षं हिंदी आणि इंग्रजी शिकवत होत्या, हे मला चौथ्या दिवशी भाजी निवडताना कळलं. बोर्डाचे पेपरसुद्धा तपासलेले. मी हातातली मेथी खाली ठेवली. "वहिनी, पायी गेलं तर दहा मिनिटांवर ती पोरं हॉलंड-जर्मनीकडून हत्ती शिकताहेत, आणि तुम्ही इथे बसून मेथी निवडताय?"

"मला कुणी विचारलं का वन्सं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि आम्ही त्या बस्तीत कधी गेलो नाही. इथेच जन्म गेला, पण त्या बाजूच्या सीढ्या मी कधी उतरले नाही." यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना विनूदादा रंगात आला होता. वरणभात, तूप, मटारची उसळ. सईला तो घराण्याच्या गोष्टी सांगत होता. पूर्वी महाराष्ट्रातून गरीब मुलं वेद शिकायला काशीला यायची. त्यांना जेवू कोण घालणार? तर इथल्या मराठी घरांनी वार वाटून घेतले होते. मुलाने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. याला वार लावणं म्हणतात. "आमच्याकडे सोमवारचा एक मुलगा यायचा, खामगावकडचा," दादा म्हणाला. "वडील म्हणायचे, आपण एखाद्या दिवशी उपाशी राहू, पण सोमवार चुकता कामा नये. तो पोरगा पुढे मोठा शास्त्री झाला."

सई जेवायची थांबली. "सगळी घरं मिळून एक मुलगा?"

"अगं, एकच नाही, पुष्कळ. पण एका घरावर भार नको म्हणून वाटून."

"मुली यायच्या?"

"छे! मुली कशा येतील?"

"आणि नावाड्याचा मुलगा आला असता तर?"

दादाने पाण्याचं भांडं उचललं, प्यायला, ठेवलं. "तू भात घे," म्हणाला. उषावहिनी वाढता वाढता थांबल्या होत्या. त्यांनी सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बाई ओळखते. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं.

संक्रांत

काशीत संक्रांतीला खिचडी म्हणतात. सणाचं नाव खिचडी आणि खायचीही खिचडीच. गच्च्यांवर पतंग. मराठी घरात मात्र तिळगूळ आणि मग हळदीकुंकू. वहिनींकडच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या जुन्या घरांतल्या बायका येतात, आणि बँका, रेल्वे, विद्यापीठात बदली होऊन आलेल्या आपल्याकडच्याही. वर्षभर हिंदी बोलून जीभ आंबलेल्या त्या बायका ओसरीवर जमल्या आणि एकदम जो मराठीचा कलकलाट सुरू झाला, तो ऐकून मला भरून आलं. घर सोडून आठवडाच झाला होता, तरी.

कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला. वाण द्यायची वेळ आली. वहिनींच्या हातात काहीच नाही. सगळ्या बघायला लागल्या. वहिनी उभ्या राहिल्या. मग त्यांचा जो आवाज लागला, तो वर्गातला. मी एका क्षणात ओळखला.

"यंदा माझं वाण उलटं आहे. मी देणार नाही, मागणार आहे. एका मुलीला वार लावायचेत. जेवणाचे नाहीत, शिकवायचे. दहावीची परीक्षा आहे तिची. सोमवार आणि गुरुवार मी घेतला. बाकीचे बोला."

कुणीतरी विचारलं, "मुलगी कोणाची?"

"नावाड्याची."

एका बाईंना घरी दूध गॅसवर असल्याचं आठवलं. दुसऱ्या त्यांच्याबरोबर निघाल्या. सई दाराशी बसली होती, तिचे डोळे भरले. तेवढ्यात बँकेतल्या देशमुख, अकोल्याच्या, जाड भिंगाचा चष्मा, म्हणाल्या, "शुक्रवार मला द्या. गणित. पण मी ओरडते हं, आधीच सांगते." रेल्वे कॉलनीतल्या वानखडेंनी मंगळवारी विज्ञान घेतलं. कोपऱ्यात शेजारच्या आजी बसल्या होत्या, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांना सगळं ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला शिकवता येत नाही बाई. शनिवारी जेवायला पाठवा."

बुधवार राहिला होता. दादा घाटावरून आला, पायावर पाणी घेतलं, बायकांच्या घोळक्याकडे न बघता वर जायला निघाला. अर्ध्या जिन्यात थांबला. "हिंदीच्या पेपरात संस्कृत असतं ना?" वहिनी म्हणाल्या, "असतं." "मग बुधवारी बसव तिला माझ्यासमोर," आणि वर निघून गेला. खाली येऊन तिळगूळसुद्धा घेतला नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे.

मालूम था

आता काजलला सांगायचं होतं. सई एकटी गेली. परत आली तेव्हा नाक लाल.

"मी सांगितलं, मी जातेय, पण आता वहिनीमामी आहेत, सगळे आहेत. ती म्हणाली, 'मालूम था.' एवढंच. म्हणाली, सगळ्या दीदी असंच बोलतात."

सोमवारी वहिनींनी ओसरीवर सतरंजी घातली. पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं. जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. चार वाजले, साडेचार वाजले. काजल आली नाही. सई तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. "मी जाऊन आणते तिला."

"तू नाही," वहिनी म्हणाल्या. शाल घेतली, चपला घातल्या. "वन्सं, चला बरं जरा माझ्याबरोबर."

त्या बाजूच्या सीढ्या वहिनी खरंच पहिल्यांदा उतरत होत्या. उंच पायऱ्या, गुडघे दुखरे. माझा हात घट्ट धरला होता. खाली काजलचे वडील उलट्या घातलेल्या नावेला डांबर लावत होते. वहिनींना बघून उठले, हात पुसले. "मास्टराइन जी, बिटिया तो कहती है अब नहीं पढ़ना."

"बिटिया से हम पूछेंगे."

काजल झोपडीच्या दारात आली. हाताला पीठ. खाली बघत उभी राहिली.

"आज सोमवार है," वहिनी म्हणाल्या. "हम बैठे थे."

काजल एकदम मान वर करून म्हणाली, "आप कितने दिन पढ़ाएँगी?" त्या प्रश्नात आजवरच्या सगळ्या ताया होत्या, सई होती, आणि मीही होते. माझी मान खाली गेली.

वहिनींना हसू फुटलं. "हम? हम कहाँ जाएँगे, बेटा? सात पीढ़ी से इसी गली में पड़े हैं. हम तो अब निकलेंगे तो सीधे मणिकर्णिका जाएँगे. उसके पहले कहीं नहीं जा रहे."

बाप आधी हसला. मग काजल. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पिठाच्या हाताने पुसायला गेली आणि तोंड पांढरं करून घेतलं. "हाथ धो लें?" असं विचारलं. "जल्दी धोओ," वहिनी म्हणाल्या, "आधा सोमवार निकल गया." वर चढताना वहिनींचा दुसरा हात तिने धरला होता.

हिशेब

माझ्या मैत्रिणी विचारतात, आमच्याही नातवाला पाठवावं का असं परदेशात सेवेला? मी म्हणते, पाठवा. तो स्वतः सुधारून येईल, हे नक्की. स्वतःचं ताट धुवायला लागेल, गाईला वाट द्यायला लागेल, आपल्याला काय काय येत नाही हे त्याला कळेल. सई हॉलंडमध्ये जन्मात जे शिकली नसती ते इथे शिकली. पण तिथल्या लोकांचं काय भलं होईल, ते विचारू नका. झालं तर होईल. सई नसती तर काजल घरी बसली असती आणि वहिनी मेथी निवडत बसल्या असत्या. आणि सईच्या भरवशावर राहिली असती, तरी काजल घरीच बसली असती. दोन्ही खरं आहे. एक मात्र मी ठणकावून सांगते. परतीचं तिकीट खिशात असेल, तर कुणाला शब्द देऊ नये.

लेना अजून तिथेच आहे. तिला सईने जाण्याआधी हत्तीचं सगळं नाटक सांगून टाकलं. बिचारी खूप रडली म्हणे. मग फळ्यावरचा हत्ती पुसला आणि मुलींनाच विचारलं, की तुम्हाला काय हवंय. मुलींनी तिला चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, करायला शिकवलं. कुठूनतरी सुरुवात झाली म्हणायची.

निघायचा दिवस

आमची गाडी संध्याकाळची होती. मुंबईहून सईचं विमान, मग मी कराडला. सामान बांधून खाली आणलं, तर ओसरीवर काजल बसलेली. दुपारीच आली होती. पुढ्यात सरावाची प्रश्नपत्रिका, वहिनी समोर घड्याळ घेऊन. वहिनींचा नियम कडक. पेपर सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, वर बघायचं नाही.

सई पायरीशी थांबली. हातात काजलसाठी आणलेली भेट होती, एक निळी शाल. मनात काय काय ठरवून ठेवलं असेल पोरीने. मिठी मारायची, रडायचं, फोटो काढायचा. ती वहिनींकडे बघत राहिली.

वहिनींनी नुसतं बोट ओठावर ठेवलं. मग हळूच उठून आमच्या हातावर दही घातलं, सईच्या गालावरून हात फिरवला आणि परत घड्याळापाशी जाऊन बसल्या. शाल सईने उंबऱ्यावर ठेवली. काजलने वर बघितलं नाही. उजवा हात भराभर लिहीत होता. डावा हात तेवढा तिने सतरंजीवरून उचलला, हवेत धरला, आणि पुन्हा खाली ठेवला.

दादा बॅग घेऊन पुढे झाला. मैदागिनपर्यंत गल्ल्यांतून चालत जायचं, मगच रिक्षा. सई सगळी वाट रडत होती. कचौडीवाल्याने विचारलं, "का भइल, बिटिया?" ती ओढणीने तोंड पुसत पुढे गेली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "मावशी, तिने वर बघितलंसुद्धा नाही."

"नाही बघितलं," मी म्हटलं.

स्टेशन जवळ आलं तसं तिने नाक पुसलं, वेणी पुढे घेतली, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "आज गुरुवार ना?"

"हो."

"मग उद्या तिचं गणित आहे," सई म्हणाली. "देशमुखबाई ओरडतील."